पात्रता आधी ठरवा, परीक्षा मग घ्या

प्रति,
अपर मुख्य सचिव (सेवा), सामान्य प्रशासन विभाग, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२;
तसेच महानगरपालिका, जिल्हा परिषदा आणि शासकीय रुग्णालयांसाठी सेवाप्रवेश नियम लिहिणारे व भरतीच्या जाहिराती काढणारे सर्व अधिकारी

विषय : पदविकेची पात्रता कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर ठरवण्याची प्रथा बंद करण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. भरती लवकर करा, जागा वाढवा, वयोमर्यादा शिथिल करा, यांपैकी कशासाठीही हे पत्र नाही. त्या मागण्या करणारे पुष्कळ आहेत आणि आझाद मैदान मंत्रालयापासून लांबही नाही. मला बोलायचं आहे ते प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या जाहिरातीतल्या एका ओळीबद्दल : ‘विज्ञान शाखेची पदवी व डी.एम.एल.टी. किंवा समतुल्य अर्हता’. डी.एम.एल.टी. म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका. त्या ओळीत नेमक्या कोणत्या पदविका बसतात, हे बऱ्याच जाहिरातींत लिहिलेलं नसतं. ते कळतं परीक्षा होऊन, गुणवत्ता यादी लागून, उमेदवार मूळ कागदांची फाइल घेऊन समोर उभा राहिल्यावर. तेही पुष्कळदा तोंडी.

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. परळच्या बाजूला एका रुग्णालयात नोकरी झाली, आता डी.एम.एल.टी. करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. त्यांच्यातल्या एकीची हकीकत सांगते, कारण ती तिच्या एकटीची नाही.

ठाण्याजवळच्या दिवा गावात राहणारी मुलगी. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, त्यावर एक वर्षाची पदविका. एका सार्वजनिक संस्थेची प्रयोगशाळा तंत्रज्ञांची जाहिरात आली. संस्थेचं नाव घेत नाही; तिथे दुसरं कुठलंही नाव घातलं तरी गोष्ट बदलणार नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रश्न होता, ‘आपण डी.एम.एल.टी. उत्तीर्ण आहात काय? होय / नाही’. तिने ‘होय’ दाबलं, आणि ते खरंच होतं. कोणत्या मंडळाची, किती कालावधीची, हे विचारणारा रकानाच नव्हता. फी भरली, परीक्षा दिली, यादीत नाव आलं, चाळीत पेढे वाटून झाले. पडताळणीच्या दिवशी टेबलामागच्या बाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे मंडळ आमच्या नियमात नाही. पुढच्याला येऊ दे.’

कोणता नियम, असं तिने विचारलं. ‘वेबसाइटवर बघा.’ वेबसाइटवर तिच्या नावापुढे ‘अपात्र’ एवढाच शेरा.

आता यातली मला सगळ्यात जास्त झोंबलेली गोष्ट. याच पदविकेवर ही मुलगी त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून रात्रपाळ्या करत होती. तिने लावलेल्या क्रॉसमॅचवर, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का या चाचणीवर, रुग्णांना रक्त चढत होतं. कंत्राटाला चालणारी पदविका कायम नेमणुकीला चालत नाही, आणि हे दोन्ही निर्णय एकाच आवारात होतात! यातला एक तरी निर्णय चुकीचा असणार. पदविका कच्ची असेल तर तिला रात्री रक्तपेढीत बसवणं हा रुग्णांशी खेळ आहे. पक्की असेल तर तिला यादीतून काढणं हा तिच्यावर अन्याय आहे. कोणता निर्णय चुकीचा, हे ठरवायला मला सांगू नका. ते ठरवणं आपलं काम आहे, आणि ते जाहिरात काढण्यापूर्वीचं काम आहे.

‘एवढं काय त्या पदविकेचं, रक्त काढायचं आणि मशीनमध्ये घालायचं’ असं समजणारे लोक मला मोठमोठ्या पदांवर भेटले आहेत. म्हणून आमच्या कामाचं थोडं सांगते. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, म्हणजे रक्त गोठू न देणारा, कॅल्शियम बांधून ठेवणारा पोटॅशियमचा क्षार. घाईत कुणी त्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम आभाळाला भिडतं आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीसं होतं. मशीन निमूटपणे दोन्ही आकडे छापून देतं. शिकलेला तंत्रज्ञ ते दोन आकडे शेजारी शेजारी बघतो, रिपोर्ट अडवतो आणि वॉर्डला फोन करून नवं सॅम्पल मागवतो. न शिकलेला तो तसाच वर पाठवतो, आणि तिकडे रात्रीच्या निवासी डॉक्टरची धावपळ सुरू होते.

दुसरं उदाहरण तर मुंबईचंच. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात एक रक्तगट शोधला. जगभर तो बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हा माणूस ‘ओ’ गटाचा दिसतो. पण ‘ओ’ पेशींवर असतं ते एच प्रतिजन त्याच्या पेशींवर नसतं आणि रक्तात त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात. त्यामुळे त्याला ‘ओ’ गटाचं रक्त दिलं तर त्याच्या जिवावर बेततं. उलट बाजूची तपासणी, म्हणजे रक्तद्रवातली प्रतिद्रव्यं ज्ञात गटाच्या पेशींशी ताडून बघणं, करताना ‘ओ’ पेशी लावायला जो विसरत नाही, त्याच्याच हे लक्षात येतं. पदविकेच्या वर्षात आम्ही हे घोटून घेतो. जिथे प्रयोगशाळाच नाही, भिंतीवर नळ्यांचे तक्ते लावून वर्ष काढलं जातं, तिथे ते घोटून घेतलं जात नाही. तेव्हा पात्रतेबद्दल आपण कडक असावं, ही माझी पहिली इच्छा आहे. सैल करा, सगळ्यांना घ्या, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. एका गाळ्यात चालणाऱ्या ‘पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट’ ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पण कडक असणं आणि शेवटच्या क्षणी कडक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घोळ कसा झाला, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, तरी उमेदवाराच्या बाजूने तो कसा दिसतो ते बघा. तंत्रशिक्षण मंडळाची पदविका वेगळी. कौशल्य व व्यवसाय शिक्षणाच्या मंडळाची पदविका वेगळी. दोन्ही मंडळांचा पत्ता वांद्रे पूर्वेला खेरवाडीचाच! नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.एम.टी. ही परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी वेगळी. यूजीसीने २०१४ मध्ये बी.व्होक. ही व्यवसाय शिक्षणाची पदवी आणली, त्यात मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम काही कॉलेजांनी सुरू केला, तो आणखी वेगळा. बारावीनंतर करायच्या पदविका आहेत, पदवीनंतर करायच्या आहेत. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या आहेतच. या सगळ्यांच्या प्रमाणपत्रावर शीर्षक थोड्याफार फरकाने एकच असतं. अठरा-वीस वर्षांच्या पोरीला प्रवेश घेताना कोण सांगणार की यातली अमुक चालेल आणि तमुक नाही? प्रवेश देणारा तर ‘गव्हर्नमेंट मान्यताप्राप्त’ असं मोठ्या अक्षरात छापून बसलेला असतो. त्याचं ते वाक्य बऱ्याचदा खोटंही नसतं. मान्यता असते, फक्त आपल्या नोकरीसाठी नसते.

त्यात मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत. मुंबईची १८८८ च्या कायद्याखाली, बाकीच्यांना १९४९ चा कायदा. प्रत्येकीचे सेवाप्रवेश नियम आपापले. दिव्याच्या मुलीला लोकलने यातल्या बहुतेक ठिकाणी नोकरीला जाता येतं, म्हणून ती सगळीकडे फॉर्म भरते. तिच्याच वर्गातला, तिच्याच मंडळाची पदविका असलेला मुलगा शेजारच्या एका महापालिकेत पात्र ठरून आज कायम नोकरीत आहे. डास तेच, पावसाळ्यातला मलेरिया तोच, रक्ताच्या काचपट्टीवरचा परजीवीही तोच. पदविकेचं मोल मात्र खाडी ओलांडली की बदलतं.

न्यायालयात जा, असं सांगणं सोपं असतं. मी मुलांना तसं सांगत नाही, कारण निकाल वाचले आहेत. त्यातला एक महाराष्ट्राचाच आहे. औषध निरीक्षक आणि सहायक आयुक्त (औषधे) या पदांच्या भरतीतून उभा राहिलेला लोकसेवा आयोग विरुद्ध संदीप वराडे हा खटला. जाहिरातीत औषधनिर्मितीचा किंवा चाचणीचा अनुभव मागितला होता आणि संशोधनाचा अनुभव असणाऱ्यांना प्राधान्य, असं म्हटलं होतं. नुसता संशोधनाचा अनुभव असलेले उमेदवार म्हणाले, आम्हीही पात्र. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. पदासाठी कोणती अर्हता हवी हे नोकरी देणारा ठरवेल. जाहिरातीची भाषा स्पष्ट असेल तर न्यायालय त्याच्या खुर्चीत बसून वेगळं ठरवणार नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यातल्या तंत्रज्ञ पदाचा खटला झाला, जहूर अहमद राथर यांचा. मागितलं होतं मॅट्रिक आणि संबंधित ट्रेडमधलं आयटीआय. उमेदवारांकडे इंजिनिअरिंगची पदविका होती, म्हणजे लोकांच्या नजरेत आयटीआयपेक्षा वरचं शिक्षण. तरी ते अपात्रच ठरले. केरळच्या एका प्रकरणात पदवीधराला पदविकेच्या जागेवर पात्र धरलं गेलं होतं, पण ते तिथल्या नियमातच वरच्या अर्हतेची सोय लिहिलेली होती म्हणून. गुरु नानक देव विद्यापीठाच्या प्रकरणात तर न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की समकक्षता गृहीत धरता येत नाही, ती ठरवणाऱ्या शैक्षणिक संस्थेचा तसा स्पष्ट निर्णय असावा लागतो.

आणि ऑगस्ट २०२३ चा देवेश शर्मा निकाल आपल्याला पाठच असेल : पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी डी.एल.एड. ही पदविकाच लागते, बी.एड. पदवी चालत नाही. पदविका म्हणजे खालची पायरी, असं समजणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हा निकाल जरा पचायला जड गेला. मला तो आवडला. विशिष्ट कामासाठी घेतलेल्या विशिष्ट शिक्षणाला त्याने मान दिला.

हे निकाल मी आपल्याविरुद्ध सांगत नाही. ते आपल्या बाजूचे आहेत. अर्हता ठरवण्याचा अधिकार आपला, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. पण त्याच निकालांची दुसरी बाजूही वाचा. खुर्ची आपली असेल तर तिच्यावर बसून वेळेवर निर्णय करणं हेही आपल्यावरच येतं. ‘भाषा स्पष्ट असेल तर’ ही त्यातली अट फार मोलाची आहे. ‘किंवा समतुल्य’ असं लिहून पुढे काहीच न लिहिणं म्हणजे निर्णय पुढच्या टेबलावर ढकलणं. तो मग आस्थापना विभागातल्या एखाद्या लिपिकाच्या डोक्यावर येऊन पडतो. त्याला प्रयोगशाळेतलं काही कळत नाही आणि ती त्याची चूकही नाही. त्याच्या हाती एक जुना नियम असतो, समोर रांग असते आणि साहेबांचा फोन लागत नसतो. तो ‘नाही’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटल्याने कुणाची चौकशी लागत नाही.

७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेज प्रकाश पाठक प्रकरणात निकाल दिला. राजस्थान उच्च न्यायालयातल्या अनुवादकांच्या भरतीचं प्रकरण होतं, परीक्षा झाल्यावर ७५ टक्के गुणांची अट आली होती. घटनापीठ म्हणालं, भरती सुरू होताना जाहीर केलेले निवडीचे निकष मूळ नियमांत तशी मुभा नसेल तर मधेच बदलता येत नाहीत. मी वकील नाही. पण जी यादी जाहिरातीत नव्हती, ती पडताळणीच्या दिवशी खिशातून काढणं हे मला त्याच्याच जवळपास जाणारं वाटतं.

शिवाय न्यायालयात जाणं म्हणजे काय, तेही बघा. राज्य शासनाच्या पदासाठी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते. महापालिकेची नोकरी असेल तर मॅटचं दार नाही, सरळ उच्च न्यायालय. दिव्याच्या मुलीने वकिलाची फी आणायची कुठून? आणि निकाल लागेपर्यंत खुल्या प्रवर्गाचं अडतीस, मागासवर्गीयांचं त्रेचाळीस हे वय कुणासाठी थांबत नाही.

आता ज्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही, त्यांच्याबद्दल. हा वाद उठला की दोनच बाजू दिसतात, अपात्र ठरलेली मुलं आणि आपण. तिसरीही एक बाजू आहे. जाहिरात वाचून, ‘आपली पदविका यात बसत नाही वाटतं’ असं म्हणून ज्यांनी फॉर्मच भरला नाही, ती मुलं. माझ्या वर्गात अशी दरवर्षी असतात. सरळ मनाची, फीचे पैसे वाया घालवायची ऐपत नसलेली. मग कधीतरी मोर्चा निघतो, आमदार भेटतात, आणि पडताळणीच्या टप्प्यावर तीच पदविका ‘विशेष बाब’ म्हणून चालवून घेतली जाते. ज्यांनी धाडस करून फॉर्म भरला होता त्यांना नोकरी लागते. प्रामाणिकपणे घरी बसलेल्यांना कुणी विचारत नाही. २००९ मध्ये अलीगढ विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच धरलं. जाहिरात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ची होती आणि नेमणूक औद्योगिक रसायनशास्त्रवाल्याची झाली. न्यायालय म्हणालं, तुम्हाला ते हवं होतं तर जाहिरातीत लिहायचं होतं, म्हणजे त्या विषयातल्या इतरांनाही अर्ज करता आला असता. म्हणून शेवटच्या क्षणी केलेली दयासुद्धा मला नको आहे. तीही कुणाच्या तरी ताटातलंच उचलून दिलेली असते.

हे सुधारणं आपल्याला जमत नाही असंही नाही. संगणक अर्हतेचं बघा. ४ फेब्रुवारी २०१३ चा शासन निर्णय आहे. लिपिकापासून पुढच्या कितीतरी जाहिरातींत तो क्रमांकासह छापलेला असतो. एम.एस.-सी.आय.टी. चालेल, सी.सी.सी. चालेल, आणखी काय चालेल, तिथे बघा म्हणून सांगितलेलं असतं. उमेदवार बघतो, समजतो, वाद होत नाहीत किंवा फार थोडे होतात. फाइल टाइप करणाऱ्याच्या संगणक प्रमाणपत्रासाठी एवढी नेटकी व्यवस्था, आणि रक्तगट बघणाऱ्याच्या पदविकेसाठी ‘किंवा समतुल्य’?

चूक लवकर लक्षात आली तर ती निस्तरता येते, याचं उदाहरणही मुंबईतच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई महापालिकेने कार्यकारी सहायकांच्या १,८४६ जागांची जाहिरात काढली. दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असण्याची अट होती. मोठा गदारोळ झाला. सप्टेंबरमध्ये ती अट काढून पालिकेने पुन्हा अर्ज मागवले. अट शहाणपणाची होती की नव्हती, हा वाद बाजूला ठेवू. बदल परीक्षेच्या आधी झाला आणि ज्यांनी आधी अर्ज केला नव्हता त्यांनाही दार उघडलं, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. बदल करायचाच असेल तर तो असा करावा.

आणि हा प्रश्न आता जास्त चिघळणार आहे, म्हणून घाई. केंद्राने २०२१ मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या व्याख्येप्रमाणे तंत्रज्ञाची पदविका किंवा पदवी किमान दोन हजार तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असायला हवी. प्रयोगशाळेचं काम त्या कायद्याच्या परिशिष्टात आहेच. मग बी.एस्सी. नंतर एका वर्षात पदविका केलेल्यांचं काय? त्यांची पदवीची तीन वर्षं यात धरायची की नाही? ज्यांनी कायदा येण्याआधी शिक्षण पूर्ण केलं ते, आणि नंतर जुन्याच अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला ते, यांना एकाच मापाने मोजायचं का? राज्याचा परावैद्यक परिषदेचा स्वतंत्र कायदा आहे, त्यातल्या नोंदणीचं भरतीत वजन किती? या प्रश्नांची उत्तरं आज ना उद्या द्यावीच लागणार. ती आपण सगळ्यांसाठी एकदाच देणार आहात की प्रत्येक पडताळणीच्या टेबलावर वेगवेगळी, एवढाच काय तो पर्याय उरला आहे.

मी काय मागते आहे ते आता नीट सांगते. प्रत्येक तांत्रिक पदाच्या जाहिरातीला एक परिशिष्ट जोडा. त्यात चालणाऱ्या पदविकांची यादी : मंडळाचं किंवा विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि सांकेतांक, कालावधी, आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत उत्तीर्ण झालेल्यांना तो लागू. न चालणाऱ्या पण नेहमी समोर येणाऱ्या पदविकाही त्यातच छापा, कारणासकट. लोकांना वाईट वाटेल, वाटू द्या. आत्ता वाईट वाटलं तर मूल दुसरी पदविका करेल, दोन वर्षांनी वाटलं तर त्याच्या हाती काही उरत नाही.

यादीत नसलेली पदविका असेल त्याला फी भरण्याआधी विचारायला पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर लेखी द्या आणि संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असं लावा, म्हणजे एकाला फोनवर ‘चालेल’ आणि दुसऱ्याला ‘माहीत नाही’ असं होणार नाही. ज्याला आपण लेखी ‘चालेल’ म्हणालात त्याला पुढे त्याच मुद्द्यावर काढू नका. उत्तर देणाऱ्या समितीत प्रशासनाचा माणूस असावाच, पण पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि रक्तपेढी यांतलाही कुणीतरी असावा. अभ्यासक्रम समोर ठेवून प्रात्यक्षिकाचे तास मोजणं हे दोन-तीन दुपारींचं काम आहे, त्याला आयोग नेमायची गरज नाही.

फॉर्ममधलं ते ‘होय / नाही’ काढून टाका. मंडळाची यादी द्या, उमेदवार त्यातलं एक निवडेल, आणि न चालणारं निवडलं तर संगणकच तिथल्या तिथे सांगेल. खुल्या प्रवर्गाला हजार आणि मागासवर्गीयांना नऊशे रुपये फी असते. अपात्र ठरणार हे आधीच ठाऊक असलेल्याकडून ती घेणं बरं दिसत नाही.

आणि कंत्राटी भरतीलाही हेच परिशिष्ट लावा. हे वाचून आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, कारण मग अनेक रात्रपाळ्या रिकाम्या राहतील. राहू देत. त्या रिकाम्या राहिल्या की कायम जागा किती वर्षं भरलेल्या नाहीत, ते तरी कागदावर येईल. २०२० मध्ये साथीच्या काळात नमुने तपासायला माणसं हवी होती, तेव्हा हातात पिपेट धरता येतं का एवढंच विचारलं जात होतं. त्या मुलांनी पीपीई किट घालून, पाणी न पिता, पाळीमागून पाळी काम केलं. त्याचं बक्षीस म्हणून त्यांना अपात्र असताना पात्र करा, असं मी म्हणणार नाही. पण ती तेव्हा अपात्र होती की नव्हती, हे त्यांना आज तरी कळू द्या.

माझ्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं, असं कुणी विचारेल. तिने लेखी कारण मागितलं आहे, माहितीचा अधिकारही लावला आहे. उत्तर यायचं आहे. तोवर ती त्याच प्रयोगशाळेत, त्याच कंत्राटावर आहे.

पदविकांची यादी करायला माणसं कमी पडत असतील तर आम्ही काही निवृत्त तंत्रज्ञ विनामोबदला यायला तयार आहोत. अभ्यासक्रमांच्या पुस्तिका आमच्याकडे आहेत, जुन्याही आहेत. मंत्रालयाच्या प्रवेशपत्रिकेची तेवढी सोय करावी. रांग फार असते आणि आमच्यातल्या दोघींचे गुडघे दुखतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
लालबाग, मुंबई